लाभार्थ्यांच्या राज्यात डावं असणं

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. संयुक्त समितीकडून सुधारून आलेल्या मसुद्यात रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांवर होता. सभागृहात उघड विरोध नोंदवणारे आमदार एकच निघाले: डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. त्याच सभागृहातल्या दोन्ही आघाड्यांनी आठ महिन्यांपूर्वी निवडणूक लढवली होती ती बायकांच्या खात्यात दरमहा रक्कम आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी या आश्वासनांवर. म्हणजे डावं म्हणवून घेणारा माणूस सभागृहात शोधावा लागतो, आणि डाव्या वाटणाऱ्या घोषणा मात्र सगळ्यांच्याच जाहीरनाम्यात सापडतात.

गरिबाला काहीतरी देण्यावर सगळेच पक्ष एकमत असतील, तर डाव्यांचं वेगळेपण उरलं कुठे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझं उत्तर असं आहे: सरकारने किती दिलं यावर डावेपण ठरत नाही. ज्याला मिळतं त्याला ते हक्काने मागता येतं का, नाकारलं तर दाद मागता येते का, देणारा बदलला तरी ते टिकतं का, आणि ते ठरवताना त्याला तिथे बसायला जागा असते का, यावर ते ठरतं. गेल्या काही वर्षांत आपल्या राजकारणाने नागरिकाचा लाभार्थी केला. लाभार्थ्याचा पुन्हा हक्कदार करणं, हे मी आजचं डावं राजकारण मानतो.

लाडकी बहीण योजनेपासून सुरुवात करू, कारण डाव्यांची सगळ्यात जास्त अडचण तिथेच झाली. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. शहरातल्या शिकलेल्या वर्तुळात याला लगेच ‘रेवडी’ म्हटलं गेलं, आणि स्वतःला पुरोगामी समजणारेही त्या सुरात सूर मिसळताना मी ऐकले. हे मला मान्य नाही. ज्या बाईला दवाखान्यात जायचं तर वडापच्या भाड्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो, तिच्या स्वतःच्या खात्यातले १५०० रुपये काय असतात हे ज्यांना कळत नाही, त्यांनी निदान डावेपणाच्या नावाखाली तरी ते बोलू नये. करदात्याचे पैसे उधळले जातात, ही तक्रार श्रीमंतांना मिळणाऱ्या सवलतींबद्दल क्वचित ऐकू येते.

पण योजनेला नावं न ठेवताही तिच्याकडे डाव्या नजरेने पाहता येतं, आणि पाहायलाच हवं. ही योजना शासन निर्णयावर उभी आहे, कायद्यावर नाही. निवडणूक झाली, मग पडताळणी सुरू झाली, ई-केवायसी आली, नावं गळू लागली. गळालेल्या बाईने जायचं कुठे? अंगणवाडी ताईकडे, सेतू केंद्रात, नाहीतर स्थानिक पुढाऱ्याच्या कार्यालयात. तिथेही तिने विनंतीच करायची. १५०० चे २१०० रुपये करण्याचं आश्वासन निवडणुकीनंतर मागे पडलं, त्याचा जाब तिला कोणत्याही कचेरीत विचारता येत नाही. शिवाय पैसे पाठवणाऱ्यांचा फोटो आणि ‘भाऊ’ हे नातं सोबत येतं. भावाने ओवाळणी किती घालायची हे बहिणीने सांगायचं नसतं. राज्याने नागरिकाशी असं नातं जोडणं मला धोक्याचं वाटतं, मग रक्कम कितीही वाढवा.

याच महाराष्ट्रात दुसऱ्या पद्धतीने देणं झालेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला बाहेर पडली. १९७७ मध्ये राज्याने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पागे काँग्रेसचे, सरकारही बहुतांश काळ काँग्रेसचं. पण दुष्काळात रस्त्यावर उतरलेल्या शेतमजूर संघटना, लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), समाजवादी, कम्युनिस्ट यांच्या रेट्याशिवाय योजनेचा कायदा झाला नसता. डाव्यांचं यश मोजताना आमदार मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यामुळे अशी यशं हिशेबातून सुटतात.

त्या कायद्यात काय होतं? काम मागणाऱ्या प्रौढाला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून? १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. आजही नोकरदाराच्या पगाराच्या पावतीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, त्या कराची मुळं दुष्काळी माळावर खडी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीपटात आहेत. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराचा भार उचलायचा, तोही इच्छेने नाही, कायद्याने. योजनेत बोगस हजेरीपट होते, मजुरी महिनोनमहिने रखडायची, मुकादम आणि अधिकारी मिळून खायचे, हे सगळं खरं आहे. पण तहसील कचेरीवर मोर्चा नेणाऱ्या बाईच्या पायाखाली कायदा होता. ‘आम्ही काम मागितलंय, तारीख ही बघा’ असं ती म्हणू शकत होती.

पुढे २००५ मध्ये हाच विचार देशाच्या कायद्यात, म्हणजे मनरेगात आला, १०० दिवसांच्या हमीने. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा आणला. जाहिरात झाली ती १०० चे १२५ दिवस झाल्याची. पण जुन्या कायद्यात मजुरीचा भार केंद्रावर होता आणि मागणी आली की पैसा द्यावा लागे. आता राज्यवार नियतव्यय, म्हणजे खर्चाची ठरीव रक्कम, केंद्र ठरवणार, खर्चात राज्याचा वाटा बहुतेक ठिकाणी ४० टक्के, वरचा सगळा बोजा राज्यावर, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येणार. दिवसांचा आकडा वाढला आणि मागण्याचा अधिकार आकसला. शेवटच्या तरतुदीचा अर्थ मजुरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही: हंगामात दुसरीकडे काम नसेल, तर जमीनदार देईल त्या मजुरीवर जावं लागतं. आकड्यांकडे पाहणाऱ्याला हा कायदा पुढचं पाऊल वाटेल. मजुराच्या हातात भाव करण्याची ताकद किती उरली, हे पाहणाऱ्याला तसं वाटणार नाही.

ताकदीचा विषय निघाला की मला हमालांसाठी झालेला माथाडी कायदा आठवतो, आणि त्यावर थोडं थांबून लिहायचं आहे. महाराष्ट्राने जगाच्या डाव्या विचारात स्वतःच्या डोक्याने घातलेली ही भर आहे आणि आपणच ती विसरत चाललो आहोत.

साठच्या दशकातला मुंबईच्या बाजारातला हमाल कसा होता? सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी उतरवायची, दुपारी दुसऱ्याची भरायची, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी मारायची. पाठीवर शंभर किलोची गोणी. टोळीवर मुकादम, मुकादमाचा वाटा वेगळा. पाय मोडला तर कुणीही म्हणू शके, हा माझा माणूस नाही. खरंच तो कुणा एकाचा नव्हता. कारखान्यांसाठी केलेला कामगार कायदा मालक आणि कामगार अशी जोडी शोधतो, आणि इथे जोडीच नव्हती. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत हमालांना संघटित केलं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत १९५५ पासून हेच करत होती. या रेट्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला.

त्यातली युक्ती साधी आणि विलक्षण होती. एक मालक सापडत नसेल, तर त्या बाजारातले सगळे मिळून मालक. व्यापाऱ्यांनी कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, टोळ्यांनीही करायची. मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. त्या मंडळावर सरकार आणि व्यापारी यांच्या बरोबरीने कामगारांचे प्रतिनिधी. काल ज्याला ‘ए हमाल’ म्हणून हाक मारली जायची, त्याचा माणूस आता दर ठरवायला समोर बसत होता. सगळ्यात मोठा बदल हाच, असं माझं मत आहे. भविष्यनिर्वाह निधी त्याच्या मागून आला.

डिसेंबर २०२५ मध्ये बाबा आढाव गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेकांनी साधेपणाबद्दल लिहिलं. त्यांच्या कामातला कायदेशीर आणि संस्थात्मक कसब मात्र फारसा कुणी सांगितला नाही. हमालांची पंचायत, तिचं स्वस्त जेवणाचं ‘कष्टाची भाकर’, पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणण्याची लढाई, आणि १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिलेली कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. या पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर हाकलल्या जाणाऱ्या बायका शहराच्या व्यवस्थेचा करारबद्ध भाग झाल्या.

आता आजच्या रस्त्यावर या. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवर जेवण, किराणा, औषधं पोहोचवणारी मुलं साठच्या दशकातल्या त्या हमालाच्याच जागी उभी आहेत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. कंपनी म्हणते, हे आमचे कामगार नाहीत, भागीदार आहेत. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, अपघातही त्यांचा. दर ॲप ठरवतं आणि बदलतं. ग्राहकाने तक्रार केली की आयडी बंद. मुकादमाला निदान गाठता तरी यायचं. आयडी बंद झालेल्या मुलाला बोलायला माणूस सापडत नाही, चॅटमध्ये ठरावीक उत्तरं येत राहतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच या कामगारांचा उल्लेख आहे, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरावी असंही आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची मर्यादा घालून. उल्लेख झाला हे चांगलंच. पण दर कोण ठरवणार, आयडी बंद करण्याआधी म्हणणं ऐकून घेणार का, हे प्रश्न तिने सोडवलेले नाहीत. कामगार पुन्हा लाभार्थीच राहिला. राजस्थानने जुलै २०२३ मध्ये या कामगारांसाठी मंडळ आणि व्यवहारावर शुल्क अशी रचना असलेला कायदा केला, त्यामागे आपल्या माथाडी मंडळांचा अनुभव होता. कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. ज्या राज्यातून ही कल्पना निघाली त्या महाराष्ट्राने सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्का कायदा करायला हवा होता. ही मागणी घेऊन एकाही मोठ्या पक्षाने इथे रान उठवलेलं नाही.

इथे उद्योजकांची बाजू येते आणि ती झटकून टाकू नये. चाकण, तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या आहेत. हमालाच्या पाठीला पोत्याचा स्पर्शही नसताना ‘वाराई’, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, वसूल होते. खऱ्या माथाडीची बदनामी यात सगळ्यात जास्त होते. डाव्या संघटनांनी याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज काढला पाहिजे, कारण कष्टाच्या नावावर कष्ट न करता खाणं ही आपल्या विचाराची चोरी आहे. कायदा नीट राबवणं, नोंदणी चोख ठेवणं, गुंडांना तुरुंगात टाकणं हे उपाय आहेत. कायदाच पातळ करणं हा गुंडांना नव्हे, हमालालाच दंड आहे.

डाव्यांच्या चुका याहून मोठ्या आहेत आणि त्यांचा हिशेब बाहेरच्यांनी मागण्याआधी आपण द्यावा. पश्चिम बंगालमध्ये १९७७ ला आलेल्या डाव्या आघाडीने ऑपरेशन बर्गातून लाखो वाटेकऱ्यांची नोंद केली, त्यांचं कूळपण कागदावर आणलं. त्याच आघाडीच्या सरकारने सिंगूरची सुपीक जमीन मोटारीच्या कारखान्यासाठी घेतली, आणि १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये भूसंपादनाला विरोध करणाऱ्यांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं मेली. ज्यांची नावं आपण सातबारासारख्या कागदावर चढवली, त्यांना विचारायचीच गरज उरली नाही, असं तीस वर्षं सत्तेत राहिलेल्या पक्षाला वाटू लागलं होतं. गरिबाच्या वतीने आम्ही ठरवतो, हा अहंकार उजव्या सत्तेइतकाच डाव्या सत्तेतही वाढतो. मंडळावर जागा देण्याचं तत्त्व आपल्या सरकारलाही लागू आहे हे विसरलं की काय होतं, ते बंगालमध्ये दिसलं.

मुंबईच्या गिरणी संपाकडेही मी याच बाजूने पाहतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख कामगारांचा संप हरला, याचं खापर बहुतेक लेखनात संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हटवादीपणावर फुटतं. पण कामगारांची एक मागणी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा अशी होती. त्या कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना, आणि मान्यता होती ती ज्या संघटनेवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता तिला. अडीच लाख माणसांना आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क नव्हता. पगारवाढीचा आकडा कदाचित तडजोडीत बसला असता. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क द्यायला मात्र सरकार तयार नव्हतं. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले ते याच नाकारलेल्या हक्काच्या पायावर.

जातीचा प्रश्न न घेता महाराष्ट्रात डावेपणाबद्दल बोलणं म्हणजे अर्ध्यात बोलणं. गिरण्यांत विणखात्यात दलितांना घेत नसत. कांडीचा तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ नको होता. जास्त मजुरीचं ते खातं होतं. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घेतला, पण नाखुशीने. कामगारांची एकजूट फुटेल, ही त्यांची सबब होती. एकजूट आधीच फुटलेली होती, फक्त फुटीचा तोटा एकाच बाजूला सोसावा लागत होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एकत्र सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. एकत्र येता येतं हे तेव्हा सिद्ध झालं होतं. त्यानंतरची दशकं दोन्ही प्रवाहांनी एकमेकांवर शंका घेण्यात घालवली, याची किंमत दोघांच्याही माणसांनी मोजली.

आज हाच पेच आरक्षणाच्या प्रश्नावर उभा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर मराठा तरुण रस्त्यावर आले, समोर ओबीसी तरुण उभे राहिले. त्याच सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा शासन निर्णय काढला होता. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. दोन्ही बाजूंची मुलं ज्या जागांसाठी एकमेकांसमोर होती, त्या जागाच कंत्राटात विरघळत होत्या, आणि कंत्राटात आरक्षण उरत नाही. डाव्यांनी इथे आरक्षण बाजूला ठेवा आणि वर्गाचं बोला असं म्हणू नये. दलित, आदिवासी, ओबीसींच्या आरक्षणामागे उभं राहून कायम नोकऱ्यांची मागणी करावी लागेल. मराठा शेतकऱ्याच्या मुलाला शेतीत का राम उरला नाही हेही त्याच सभेत सांगावं लागेल. हे अवघड आहे. दोन्ही गावांत टाळ्या मिळणार नाहीत. पण दोन्ही गावांत एकच भाषण करणारा माणूस आज दुसऱ्या कोणत्या विचाराकडे आहे?

जनसुरक्षा विधेयकाकडे परत येतो. शस्त्र उचलणाऱ्या डाव्यांबद्दल माझी भूमिका स्वच्छ आहे. गडचिरोलीत खबऱ्या ठरवून आदिवासींना मारणारी चळवळ आदिवासींची असू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. ती कुणाच्याही हातात पुन्हा जाऊ नयेत. मात्र त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायची परवानगी घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं हे गाव म्हणतं. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. चाळीस वर्षांच्या बंदुकीने जे आदिवासीच्या हातात दिलं नाही, ते ग्रामसभेच्या ठरावाने दिलं. याला मी डावं राजकारण म्हणतो, त्या गावकऱ्यांनी स्वतःला काहीही म्हणवून घेतलं तरी.

म्हणूनच जनसुरक्षा विधेयकातल्या सैल व्याख्यांची भीती वाटते. हिंसेसाठी आधीचे कायदे भरपूर आहेत. सरकारला अडचणीचं वाटणारं संघटन बेकायदा ठरवण्याची सोय जिथे होते, तिथे पहिला बळी जंगलातला बंदूकधारी ठरत नाही. ग्रामसभेला खाणीविरुद्ध ठराव करायला मदत करणारा कार्यकर्ता, अंगणवाडी ताईंचा मोर्चा नेणारी बाई, टोलविरुद्ध शहर उभं करणारे म्हातारे यांच्यावर त्याची सावली पडते. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात गोविंद पानसरे आणि एन. डी. पाटील पुढे होते. तो टोल शेवटी रद्द झाला, पण त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. डाव्या माणसाच्या हातात शस्त्र नव्हतं, त्याच्यावर ते चाललं.

मग आज महाराष्ट्रात डाव्यांनी सगळ्यात आधी कुठे उभं राहावं? माझ्या मते उसाच्या फडात. बीड, नगर, जालन्याकडून दर दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फिटत राहते आणि पुष्कळदा फिटतच नाही. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून गर्भपिशव्या काढून घेतलेल्या बीडच्या बायकांची प्रकरणं २०१९ मध्ये पुढे आली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कारखान्याच्या हजेरीपटावर या माणसांचं नाव नसतं. शेतकरी म्हणतो टोळी कारखान्याची, कारखाना म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो मी नुसता मधला. साठच्या दशकातला तोच हमाल, तोच प्रश्न: मालक कोण?

उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने आहे, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, उशिराला व्याज आहे. शेतकरी संघटनांनी लढून हे राबवायला लावलं, आणि ते योग्यच झालं. तोडणाऱ्यासाठी काय आहे? टनामागे दहा रुपये कारखान्यांनी भरायचे असं एक कल्याण महामंडळ आणि काही वर्षांनी एकदा होणारा दराचा करार. महामंडळ योजना देणार, म्हणजे पुन्हा लाभार्थी. माथाडीच्या धर्तीवर नोंदणी, उचलीचा लेखी हिशेब, मजुरी मंडळामार्फत, कोयत्यातल्या बाईच्या नावावर वेगळी मजुरी, आणि मंडळावर तोडणाऱ्यांचे, त्यातही बायकांचे प्रतिनिधी, असा कायदा हवा.

त्याला विरोध कुणाचा होईल हेही सांगायला हवं. साखर कारखान्यांचे संचालक सगळ्या मोठ्या पक्षांत आहेत. त्यांच्या जोडीला ऊस उत्पादक शेतकरीही म्हणेल की तोडणीचा खर्च माझ्या बिलातून कापला जातो, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. डाव्यांना शेतकरी आणि शेतमजूर या दोघांनाही कवेत घ्यायची सवय आहे, त्यामुळे इथे मोघम बोलण्याचा मोह होईल. मोघम बोलू नये. तोडणी-वाहतुकीचा वाढीव खर्च शेतकऱ्याच्या बिलातून न कापता साखर, इथेनॉल आणि वीज यांच्या उत्पन्नातून कारखान्याने सोसावा, अशी मागणी दोघांनी मिळून करता येईल. ती मान्य होईपर्यंत बाजू निवडायची वेळ आली, तर डाव्यांनी आधी कोयत्याच्या बाजूने उभं राहावं आणि ऊस परिषदेच्या व्यासपीठावर जाऊन ते शेतकऱ्यांच्या तोंडावर सांगावं.